भरतीचं वेळापत्रक आणि थ्री फेजचं

भरती कधी येणार हे सांगायला समुद्र दिसावा लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, बस. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. मुंबईच्या किनाऱ्यावर तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आगेमागे. हे गणित कोळीवाड्यात पोरासोरांनाही येतं. समुद्र साडेपाचशे किलोमीटरहून जास्त दूर असला तरी यवतमाळच्या दत्त चौकातला माणूसही भिंतीवरचं कॅलेंडर बघून ससून डॉकची भरती सांगू शकतो. त्याच्याच वावरातल्या मोटारीला आज थ्री फेज किती वाजता येईल, हे मात्र तो इतक्या ठामपणे सांगणार नाही. वेळापत्रक त्यालाही दिलेलं असतं. लाइन त्या वेळापत्रकाप्रमाणे येईलच याची खात्री नसते.

भरती-ओहोटीपासून वीज करण्याच्या कल्पनेचं सगळं आकर्षण या खात्रीत आहे. वारा पडतो, सूर्य ढगाआड जातो, धरण मे महिन्यात तळ गाठतं. चंद्र मात्र चुकत नाही. पुढच्या शंभर वर्षांतली कुठल्याही दिवसाची भरती आज काढता येते. मुंबईत अपोलो बंदरावर भरतीची नोंद १८७८ पासून होते आहे आणि हिंदुस्थानातल्या बंदरांची कोष्टकं काढण्यासाठी १८७९ मध्ये इंग्लंडात एक खास गणनयंत्रच बनवून घेतलं गेलं होतं. ज्याला हे गणित नडतं त्याला ते किती कडक आहे तेही कळतं. २०२५ च्या अनंत चतुर्दशीनंतर लालबागच्या राजाची मूर्ती सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली आणि भरतीच्या पाण्यामुळे तराफ्यावर चढेना. विसर्जन रात्री झालं. तो दिवस पौर्णिमेचा होता.

मग इतका वक्तशीर समुद्र दाराशी असताना महाराष्ट्राने त्याच्यापासून वीज का केली नाही? प्रश्न मुंबईचा वाटतो, पण यवतमाळचाही आहे. राज्याची वीज एकाच ग्रिडमधून वाहते. वणी पट्ट्यातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उकणी, निलजई, घोन्सा यांसारख्या खाणी कोळसा उकरतात. शेजारच्या जिल्ह्यात २,९२० मेगावॉटचं चंद्रपूरचं औष्णिक केंद्र उभं आहे. आणि या सगळ्या धुळीतून निघालेल्या विजेवर मुंबई-पुण्याच्या लिफ्ट चालतात. समुद्राने उद्या खरंच हजारो मेगावॉट दिले, तर वणीच्या रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक कमी होतील. म्हणून हिशेब तपासून पाहायला हवा.

तत्त्व कोकणातल्या कुठल्याही खारबंदिस्तीवर बघायला मिळतं. खाडीच्या पाण्यापासून भातशेती वाचवायला बांध घातलेला असतो आणि त्यात एक उघाडी. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने उघाडीचं दार मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ते दार ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही. या व्यवस्थेसाठी मुंबई राज्यात १९४८ साली कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आला. आता उघाडीचं काम उलटं करा. भरतीचं पाणी आत घ्या, दार बंद करा, बाहेरचा समुद्र पुरेसा खाली जाईपर्यंत थांबा आणि मग आतलं पाणी टर्बाइनमधून सोडा. भरती-ओहोटीचं वीजकेंद्र ते हेच.

फ्रान्सने हे १९६६ मध्ये करून दाखवलं. ब्रिटनी किनाऱ्यावर राँस नदीच्या मुखाशी साडेसातशे मीटर लांबीचा बांध घातला, त्यात दहा-दहा मेगावॉटचे २४ टर्बाइन बसवले. २४० मेगावॉटचं ते केंद्र साठीकडे आलं तरी चालू आहे आणि वर्षाला सुमारे ५० कोटी युनिट वीज देतं. खाऱ्या पाण्यात यंत्र इतकी वर्षं टिकत नाही, हा आक्षेप राँसने कायमचा मोडीत काढला. त्याची किंमतही दाखवून दिली: बांधकामासाठी काही वर्षं नदीचं मुख समुद्रापासून तोडलं गेलं, आतली जीवसृष्टी जवळपास संपली आणि सावरायला पुढे दहाएक वर्षं लागली.

त्यानंतर दुसरा मोठा प्रकल्प उभा राहायला २०११ साल उजाडलं. दक्षिण कोरियातल्या सिह्वा सरोवराची गोष्ट मात्र विजेपासून सुरू होत नाही. शेती आणि उद्योगांना गोडं पाणी मिळावं म्हणून तिथे साडेबारा किलोमीटरहून लांब समुद्रभिंत बांधली, १९९४ मध्ये पुरी केली, आणि आसपासच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने आतलं सरोवर सडलं. समुद्राचं पाणी आत-बाहेर खेळवल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. पाणी खेळवायचंच आहे तर वाटेत टर्बाइन बसवावेत, असा विचार झाला आणि २५४ मेगावॉटचं, आजचं जगातलं सर्वांत मोठं भरतीकेंद्र तयार झालं. भिंतीचा खर्च आधीच दुसऱ्या खात्यावर पडलेला होता, हा या यशाचा अर्धा भाग. जगात आज भरती-ओहोटीपासून जी काही वीज होते तिचा फार मोठा वाटा या दोन ठिकाणांहून येतो. साठ वर्षांत दोन. कॅनडाने अॅनापोलिस रॉयलला १९८४ मध्ये सुरू केलेलं २० मेगावॉटचं केंद्र २०१९ मध्ये बंद पडलं. ब्रिटनमधल्या स्वान्सी खाडीच्या ३२० मेगावॉटच्या योजनेला तिथल्या सरकारने २०१८ मध्ये नकार दिला. त्या नकाराचं कारण एकच, परवडत नाही.

आता महाराष्ट्र. इथे भूगोल आडवा येतो, आणि तो आकड्यांत मांडल्याशिवाय कळत नाही. बंदिस्त पाण्यातून मिळणारी ऊर्जा भरती-ओहोटीच्या उंचीतल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. भावनगरजवळ हा फरक दहा मीटरच्या घरात जातो. मुंबईत उधाणाला पाचच्या आसपास. रत्नागिरीला अडीच, त्याच्या खाली गोव्याकडे आणखी कमी. म्हणजे त्याच क्षेत्रफळाचं पाणी अडवलं तर मुंबईत भावनगरच्या चौथाई आणि रत्नागिरीत सोळाव्या हिश्श्याइतकी वीज.

एक चौरस किलोमीटर खाडी मुंबईजवळ अडवली आणि उधाणाचा पाच मीटर फरक रोजच मिळतो असं उदारपणे धरलं, तर एका ओहोटीत त्या पाण्यात सुमारे ३५ हजार युनिट ऊर्जा असते. प्रत्यक्षात त्यातले तीस टक्के हाती लागले तरी खूप. दिवसाला जवळपास दोन ओहोट्या, वर्षाला सातशे. एकूण सत्तर-पंचाहत्तर लाख युनिट. विदर्भाच्या उन्हात एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला पंधरा लाख युनिटच्या आसपास वीज देतो. म्हणजे हीच वीज पाच मेगावॉट सौर पॅनल देतील आणि त्यांना वीस-पंचवीस एकर पुरतील. तिकडे अडवलेली खाडी २४७ एकरांची असेल. तिच्यातली तिवरं, कालवं, मासेमारी आणि बांधाचा खर्च वेगळा. शिवाय पाच मीटर रोज मिळत नाहीतच. भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आगेमागे, समुद्र इतका आळसावतो की उधाणाच्या चौथाईहूनही कमी ऊर्जा उरते.

जमीन बुडवण्याचं मोल यवतमाळला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नव्वदच्या दशकात मंजूर झालेला निम्न पैनगंगा प्रकल्प बुडीत गावांच्या विरोधात किती वर्षं अडकून पडला, हे आर्णी-घाटंजीकडे कुणीही सांगेल. तिथे निदान बदल्यात ओलीत मिळण्याचं आश्वासन होतं. खाडी बुडवून पाच मेगावॉट मागणाऱ्याला कोकणात कोण उभं करेल?

गुजरातेत आकडे अनुकूल होते, म्हणून स्वप्नंही तिकडेच मोठी झाली. खंभातच्या आखाताला आडवा बांध घालायच्या कल्पसर योजनेत एका टप्प्यावर ५,८८० मेगावॉट भरतीविजेचा समावेश होता. या योजनेमागे वर्षानुवर्षं उभे राहिलेले डॉ. अनिल काणे हे बडोद्याचे, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. भरतीविजेच्या भारतीय इतिहासातलं मराठी नाव शोधायचं तर आधी बडोद्याला जावं लागतं, ही गंमत आहे. कल्पसर पुढे गोड्या पाण्याचा जलाशय म्हणून चर्चेत राहिला. विजेचा भाग मागे पडला.

कच्छच्या आखातात ५० मेगावॉटचा प्रकल्प २०११ च्या सुमारास गाजावाजा होऊन जाहीर झाला. अंदाजे खर्च साडेसातशे कोटी. झाला नाही. सुंदरबनातल्या दुर्गादुआनी खाडीवरचा प्रकल्प त्याहून बोलका आहे. क्षमता ३.७५ मेगावॉट; पाच एचपीच्या हजारभर मोटारी एकदम चालतील एवढी. खर्चाचा अंदाज २३८ कोटींवर गेला, म्हणजे मेगावॉटमागे साडेत्रेसष्ट कोटी. सौर प्रकल्पाला आज मेगावॉटमागे चार कोटींच्या आसपास लागतात. दुर्गादुआनीची फाइल बंद झाली यात आश्चर्य नाही.

तरीही एक आकडा वृत्तपत्रांतून दर दोन-चार वर्षांनी उगवतो: भारताची भरती-ओहोटीची क्षमता १२,४५५ मेगावॉट. हा आयआयटी मद्रास आणि क्रिसिल यांच्या २०१४ च्या अभ्यासातला आहे आणि तो खरा आहे, ज्या अर्थाने तो काढला त्या अर्थाने. समुद्रात इतकी शक्ती आहे, असं तो सांगतो. ती काढता येईल, काढणं परवडेल, असं सांगत नाही. केंद्राचं नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयही तो आकडा देताना ही पुस्ती जोडतं. बातमी लिहिताना पुस्ती गळते. २०१९ मध्ये याच मंत्रालयाने समुद्री ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा स्पष्टपणे दिला. पुढे संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने क्षमता पुन्हा मोजा आणि निदान एक प्रायोगिक प्रकल्प तरी उभारा असा आग्रह धरला. आजही भारतात भरती-ओहोटीपासून व्यापारी तत्त्वावर एक युनिटही तयार होत नाही.

बांध न घालता वाहत्या पाण्यात पवनचक्कीसारखे टर्बाइन उभे करायचे, हा दुसरा मार्ग, आणि जगात खरी हालचाल आज तिथे आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला पेंटलँड फर्थ नावाची सामुद्रधुनी आहे. तिथे मेजेन प्रकल्पाचे दीड-दीड मेगावॉटचे चार टर्बाइन समुद्रतळाशी फिरतात. त्यातला एक सहा वर्षांहून जास्त काळ, अनपेक्षित दुरुस्तीसाठी वर न काढता चालला, असं २०२५ मध्ये जाहीर झालं. या धंद्यात ही मोठी बातमी आहे. टर्बाइन वर काढायला खास जहाज लागतं, जहाजाचं भाडं सगळा नफा खातं, आणि बँका या भीतीनेच हात आखडता घेतात. जवळच ऑर्कनी बेटांलगत दोन मेगावॉटचं तरंगतं यंत्र २०२१ पासून उभं आहे. ते दुरुस्तीला ओढून नेता येतं.

ब्रिटनमध्ये सरकारने अशा विजेसाठी लिलावात वेगळा हिस्सा राखून ठेवला. २०२४ च्या लिलावात २८ मेगावॉटला दर मिळाला तो मेगावॉट-तासाला १७२ पौंड, तोही २०१२ च्या किमती धरून. आपल्या रुपयांत हा दर युनिटला अठरा-वीस रुपयांच्या खाली येत नाही. श्रीमंत देश उद्याच्या तंत्रज्ञानासाठी एवढं मोजतो, हे समजण्यासारखं आहे. महावितरणने ते मोजावं असं कुणी म्हणणार नाही. शिवाय प्रवाहातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. पेंटलँड फर्थमध्ये पाणी सेकंदाला पाच मीटरपर्यंत धावतं. कोकणच्या बहुतेक खाड्यांत निम्माही वेग नाही, आणि निम्मा वेग म्हणजे आठवा हिस्सा ऊर्जा.

एवढं झाल्यावर विषय संपायला हवा होता. तो संपत नाही, कारण दर हा एकच प्रश्न नसतो. वीज कधी मिळते हाही असतो. आणि याबाबत यवतमाळचा अनुभव दांडगा आहे. शेतीच्या वाहिनीला आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री थ्री फेज, अशी पाळी वर्षानुवर्षं चालत आली. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला ओलीत करायला रात्री दोनला टॉर्च घेऊन वावरात जायचं. वाटेत साप, रानडुकरं. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात २०१८ मध्ये टी-वन ऊर्फ अवनी वाघिणीची दहशत होती. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं आणि त्या वर्षी २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. त्या पट्ट्यात दिवसा वीज ही मागणी सोयीची उरली नव्हती.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली तेव्हा पथदर्शी प्रकल्पांसाठी दोन गावं निवडली गेली: राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी. कल्पना साधी. शेतीपंपांच्या वाहिनीजवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि ऊन असेल तेव्हा पंप चालवायचे. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली, उद्दिष्ट वाढत वाढत १६ हजार मेगावॉटवर गेलं आणि युनिटचे दर तीन रुपयांच्या आसपास स्थिरावले. जोडीला मागेल त्याला सौर कृषिपंप. पॅनलला आठवड्यातून दोनदा कापड मारण्यापासून ठेकेदाराच्या दुरुस्तीच्या फेऱ्यांपर्यंत कुरकुरी पुष्कळ आहेत, त्यातल्या बऱ्याच रास्त आहेत. पण विजेची वेळ आणि पिकाची गरज जुळते. आज ढग आले तर उद्या पाणी देता येतं. विहिरीवर, शेततळ्यावर चालणाऱ्या शेतीला वीज साठवायची गरज नाही, पाणी साठवलं की भागतं.

शहराचं तसं नाही. संध्याकाळी सातला सूर्य गेलेला असतो आणि मुंबईतले दिवे, एसी, लोकल एकाच वेळी वीज मागतात. देशाची सौर क्षमता २०२५ च्या जानेवारीअखेर १०० गिगावॉटच्या पुढे गेली आणि संध्याकाळचा हा खड्डा दरवर्षी खोल होतो आहे. भरतीविजेचे समर्थक इथे बोट ठेवतात, आणि ते अगदीच चूक नाही. फक्त भरती रोज पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पंधरवड्यातले काही दिवस ती बरोबर संध्याकाळी हजर असेल, काही दिवस पहाटे तीनला. वेळ आधी ठाऊक असणं आणि हवी ती वेळ मिळणं यांत अंतर आहे. रात्रपाळीचं वेळापत्रक हातात असलेल्या शेतकऱ्याला ते कुणी शिकवायला नको.

महाराष्ट्राने यावर आपल्या परीने एक उत्तर शोधलेलं आहे आणि ते समुद्रात नाही, सह्याद्रीत आहे. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र चालतं. स्वस्त वीज असेल तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. टाटांच्या भिऱ्याला १५० मेगावॉटचा असाच संच आहे. ही भरती-ओहोटीच आहे, फक्त चंद्राऐवजी भार नियंत्रण केंद्राच्या हुकमावर चालणारी, आणि उंचीचा फरक पाच मीटरऐवजी शेकडो मीटर. अशा प्रकल्पांसाठी राज्याने धोरण केलं आहे, करार झाले आहेत. मुंबईची संध्याकाळ भागवायला खाडीवर बांध घालण्यापेक्षा घाटमाथ्यावर पाणी चढवणं स्वस्त पडणार, हे जवळपास ठरलेलं आहे. घाटातली जंगलं त्यात किती जातील, हा वाद मात्र आत्ता कुठे सुरू होतो आहे.

मग समुद्राकडून काय अपेक्षा ठेवायची? अंदमानसारख्या बेटांवर डिझेल जाळून वीज होते. तिथे महाग समुद्री वीजही स्पर्धेत उतरू शकते. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने अंदमानात प्रवाहावर चालणारा छोटा टर्बाइन तपासून पाहिला आहे आणि लाटांवर चालणारा, जहाजांना वाट दाखवणारा बोया बनवला आहे. कामं लहान आहेत, पण जागा योग्य आहेत.

मुंबईत लाटांपासून वीज करण्याचा १०० किलोवॉटचा प्रयोग करायचं भारत पेट्रोलियमने २०२५ मध्ये इको वेव्ह पॉवर या इस्रायली कंपनीबरोबर ठरवलं. शंभर किलोवॉट म्हणजे पाच एचपीच्या पंचवीस-सव्वीस मोटारी. केरळात विळिंजमला १९९१ मध्ये १५० किलोवॉटचं लाटांचं केंद्र उभं राहिलं होतं. त्यातून भारताला यंत्रापेक्षा माहिती जास्त मिळाली. मुंबईच्या प्रयोगाकडूनही तेच मागायला हवं: महिन्यागणिक किती युनिट, दुरुस्तीला किती दिवस, जून ते सप्टेंबर किती आणि डिसेंबरात किती. कोकणच्या लाटांचा जोर पावसाळ्यातला. त्या चार महिन्यांत धरणं भरत असतात आणि कोरडवाहू यवतमाळातल्या मोटारी बंद असतात. हरभऱ्याचं ओलीत सुरू होतं ते दिवाळीनंतर, समुद्राच्या लाटा बसल्यावर. महिन्यागणिक आकडे हाती आले की कोकणातल्या लाटेला राज्याच्या विजेत कुठली पाळी द्यायची, दिवसाची की रात्रीची, हे अंदाजाऐवजी कागदावर ठरवता येईल.